काळ्या रेषांचा शोध

दूरच्या ताऱ्यात कोणते पदार्थ आहेत, हे तेथे न जाताही कळते. हा मार्ग एका गरीब कारागिरामुळे खुला झाला. त्याचे नाव जोसेफ फ्राउनहोफर.

जोसेफचा जन्म १७८७ साली आजच्या जर्मनीतील श्ट्राउबिंग या गावी झाला. त्याचे वडील काचकाम करत. अकराव्या वर्षी तो पोरका झाला. मग त्याला म्युनिक शहरात आरसे बनवणाऱ्या एका कारागिराकडे कामाला ठेवले. मालक कठोर होता. तो जोसेफला शिकू देत नसे.

१८०१ साली मालकाचे घर कोसळले आणि जोसेफ ढिगाऱ्याखाली गाडला गेला. काही तासांनी त्याला जिवंत बाहेर काढण्यात आले. तेथील राज्यकर्ता मॅक्सिमिलियन याने त्याला १८ सोन्याची नाणी दिली. तुम्हांला असे पैसे मिळाले असते, तर तुम्ही काय केले असते? जोसेफने काच घासण्याचे यंत्र घेतले आणि मालकाकडून आपली सुटका करून घेतली. उट्झश्नायडर नावाच्या गृहस्थांनी त्याला पुस्तके दिली. तो मन लावून शिकला आणि पुढे उत्तम भिंगे बनवू लागला.

१८१४ साली फ्राउनहोफर यांनी सूर्यप्रकाश लोलकातून जाऊ दिला आणि तो दुर्बिणीतून पाहिला. रंगांच्या पट्ट्यात त्यांना असंख्य काळ्या रेषा दिसल्या. त्यांनी पाचशेहून अधिक रेषा मोजल्या. शुक्राच्या प्रकाशातही त्याच रेषा होत्या, कारण शुक्र सूर्याचाच प्रकाश परावर्तित करतो. व्याध ताऱ्याच्या रेषा मात्र वेगळ्या होत्या.

या रेषा का पडतात, हे त्यांना कळले नाही. १८२६ साली, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. १८५९ साली किरखोफ आणि बुन्सेन या शास्त्रज्ञांनी ते कोडे सोडवले. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. म्हणून रेषा ओळखल्या की पदार्थ ओळखता येतो.

२०१२ साली क्युरिऑसिटी ही गाडी मंगळावर उतरली. तिच्यातील एक उपकरण खडकावर लेसर किरण सोडते. त्यामुळे ठिणगी पडते. तिचा प्रकाश काचेच्या बारीक तंतूमधून गाडीच्या आतील यंत्राकडे जातो. ते यंत्र प्रकाशातील रेषा नोंदवते आणि त्यांवरून खडकातील मूलद्रव्ये समजतात. २०२३ साली चांद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीनेही लेसरच्या साहाय्याने चंद्राच्या मातीत गंधक शोधले.

मित्रांनो, ज्या मुलाला पुस्तक उघडण्याची मनाई होती, त्याने जगाला प्रकाश वाचण्याची वाट दाखवली.