कॅमेरा त्याचा, नेम तिचा!

सोळाव्या वर्षी लग्न म्हणजे पुढे चूल न् मूल, हे आपल्या आजी-पणजीकडून ऐकलेलंच आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ओसा लेटीचंही लग्न सोळाव्या वर्षीच झालं, १९१० साली. चनूट हे तिचं छोटंसं गाव, वडील रेल्वेत. नवरा मार्टिन जॉन्सन मात्र पक्का भटक्या! लेखक जॅक लंडनबरोबर शिडाच्या बोटीतून पॅसिफिकची बेटं पाहून आलेला. त्या सफरीची चित्रं दाखवत नवरा-बायको गावोगाव हिंडली आणि १९१७ मध्ये स्वतःच त्या बेटांवर पोचली. मालेकुला बेटावर तिथल्या टोळीप्रमुखानं दोघांना अडवून ठेवलं. खाडीत ब्रिटिशांची गस्ती बोट दिसली म्हणून सुटका झाली, नाहीतर कठीणच होतं. दोन वर्षांनी दोघं परत तिथंच गेली, आणि त्या लोकांना पडद्यावर त्यांचीच फिल्म दाखवली!

ओसाचं खरं काम दिसलं ते आफ्रिकेत. १९२४ ते १९२७ त्यांचा मुक्काम केनियातल्या मार्साबिटच्या जंगलात, एका तळ्याकाठी होता. ओसानं तिथं घर मांडलं, भाजीचा मळा केला, मासे धरले. आणि शूटिंगच्या वेळी हातात रायफल. मार्टिनचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला, एक हात हँडल फिरवण्यात गुंतलेला. समोरून सिंह धावून आला तर बघायचं ओसानं. गोळी लवकर सुटली तर चित्रण वाया, उशिरा सुटली तर नवरा गेला. हे तिनं वर्षानुवर्षं केलं, तेव्हा कुठे ‘सिम्बा’ (१९२८) सारखा चित्रपट झाला.

सगळंच कौतुकाचं नव्हतं. त्यात जनावरंही मारली गेली. तिथल्या माणसांची चित्रपटांतून केलेली टिंगल तर आज बघवत नाही.

१९३२ मध्ये दोघं विमान चालवायला शिकली. एका विमानावर झेब्र्याचे पट्टे, दुसऱ्यावर जिराफाचे ठिपके रंगवले आणि आफ्रिकेतले प्राण्यांचे कळप आकाशातून टिपले.

जानेवारी १९३७ मध्ये कॅलिफोर्नियात प्रवासी विमानाला अपघात झाला, त्यात मार्टिन गेला. ओसाही जबर जखमी झाली. ती तेव्हा ४२ वर्षांची होती. ठरलेली व्याख्यानं तिनं रद्द केली नाहीत, चाकाच्या खुर्चीतून दिली. आजवर ‘मिस्टर अँड मिसेस’ म्हणून गाजलेली ही बाई आता एकटी मंचावर होती. ‘आय मॅरीड ॲडव्हेंचर’ हे तिचं आत्मकथन १९४० मध्ये अमेरिकेत तडाखेबंद खपलं. १९५२ मध्ये जुनं चित्रण काढून तिनं दूरदर्शनसाठी वन्यप्राण्यांची मालिकाही केली. पुढच्याच जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये ती गेली.

१९६१ मध्ये चनूटला दोघांच्या नावानं संग्रहालय सुरू झालं. पुढे ते गावातल्या जुन्या रेल्वे स्टेशनात हलवलं गेलं.