नांगर विकणारा चित्रकार

मृगाच्या आधी शेत नांगरून ठेवायचं, हे आपल्या वाशीम, रिसोड, मानोऱ्याकडच्या कुणाही बाईला सांगावं लागत नाही. आता तर ट्रॅक्टर येतो आणि बघता बघता काम उरकून जातो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी लोखंडी नांगर दिसला की शेतकरी चक्क मागे सरायचा. लोखंडामुळे जमिनीत विष कालवलं जातं, अशी त्याची पक्की समजूत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात असे नांगर तयार केले, तेव्हा सुरुवातीचे नांगर खपायला तब्बल दोन वर्षं लागली! नुसती वस्तू चांगली असून भागत नाही, घेणाऱ्याच्या मनातली अढी आधी निघावी लागते. ही अढी काढण्याचं काम ज्यांनी पुढे जन्मभर केलं, ते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर. मराठी वाचक त्यांना 'शंवाकि' म्हणून ओळखायचे.

नावात घोटाळा नको बरं का. मोठे उद्योगपती झाले ते शंतनुराव, लक्ष्मणरावांचे चिरंजीव. आपले हे शंकरराव वेगळे.

शंकररावांचा जन्म १८९१ चा. ओढा चित्रकलेकडे. गंमत अशी की काकाही आधी चित्रकलाच शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले होते. पण काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नसे, म्हणून त्यांनी ती वाट सोडली आणि यंत्रांकडे वळले. पुतण्या मात्र चित्रकार झाला. लाहोरला पंडित सातवळेकरांची चित्रशाळा होती, तिथेही तो शिकला. अशा मुलाने राजेरजवाड्यांची तैलचित्रं काढावीत, नाव कमवावं, असंच कुणालाही वाटलं असतं. तो आला किर्लोस्करवाडीला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० साली काकांनी कारखाना उभा केला होता. निवडुंग आणि सापांचं राज्य असलेली ती जागा! तिथे शंकररावांकडे काम आलं जाहिरातीचं.

आज याला आपण मार्केटिंग म्हणतो, मुली त्यासाठी एमबीए करतात. तेव्हा या कामाला धड नावही नव्हतं. नांगराचं चित्र छापून खाली किंमत टाकली की झाली जाहिरात, असं समजायचे. पण शेतकरी काही कागद वाचून नांगर घेत नाही. शेजारच्या वावरात काय झालं, हरळी निघाली का, बैलांना किती ओढ बसली, हे तो बघतो, पारावर चार जणांशी बोलतो आणि मग कनवटीला हात घालतो. आपल्या बचत गटांच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. पाकीट कितीही सुंदर करा, हळदीचं गिऱ्हाईक पहिल्यांदा येतं ते कुणाच्या तरी सांगण्यावरून.

म्हणूनच मला १९२० सालची गोष्ट फार मोलाची वाटते. त्या वर्षी शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटं मासिक सुरू केलं. नावातच बघा ना, 'खबर'! पारावरचा शब्द. सुरुवातीला त्यात कारखान्याच्या मालाची, कामाची माहिती असे. हळूहळू आरोग्य, उद्योगधंदा, गोष्टी, व्यंगचित्रं असं बरंच काही येऊ लागलं. चित्रं काढायला संपादकाचाच हात तयार! त्यांच्या 'टाकांच्या फेकी' या व्यंगचित्रांनी ढोंगावर आणि खुळचट रूढींवर चांगलेच फटके मारले. पुढे नावातली 'खबर' गळाली आणि नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. ज्यांच्या घरी ना शेत ना बैल, अशा मास्तरांच्या नि कारकुनांच्या घरातही हे नाव जाऊन बसलं. नांगर आणि मासिक, दोघांनी एकमेकांचा हात धरला तो असा.

पण हात धरला की जोखीमही वाटून घ्यावी लागते. एकाच नावाने माल विकायचा आणि त्याच नावाने लोकांच्या श्रद्धांना धक्का द्यायचा, हे सोपं नाही. १९३० च्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख 'किर्लोस्कर'मध्ये येत होते. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असं म्हणणारं ते लिखाण! आणि कारखान्याचं गिऱ्हाईक कोण, तर बैलाची पूजा करून मग औत जुंपणारा शेतकरी. कुणीही हिशेबी विक्रेत्याने असं लिखाण बाजूला ठेवलं असतं. शंकररावांनी ते छापलं. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे. गिऱ्हाइकाचं मन ओळखायचं, पण त्याला फक्त गोड वाटेल तेच द्यायचं नाही, हे त्यांना साधलं.

१९३० साली त्यांनी 'स्त्री' मासिक काढलं, १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर'. 'स्त्री'मध्ये पाककृती, विणकाम होतंच, पण बायकांचं शिक्षण, लग्न, नोकरी, विधवांचे प्रश्न यांवरही लेख येत. बायका स्वतः लिहू लागल्या, हे जास्त महत्त्वाचं. अर्थात हे मासिक पोचलं ते मुख्यतः शिकलेल्या, शहरातल्या बायकांपर्यंत. ज्या वावरात तो नांगर चालला, तिथे निंदायला जाणाऱ्या बाईच्या हाती ते फारसं आलं नसणार. तिला वाचायला शिकवलंच कोणी होतं?

धंदा कसा करावा यावरही त्यांनी लिहिलं. 'यशस्वी धंद्याचा मार्ग' हे त्यांचं पुस्तक. नोकरीलाच प्रतिष्ठा मानणाऱ्या मराठी घरांना त्याची गरज होतीच. 'शंवाकीय' हे त्यांचं आत्मचरित्र.

मासिकांचा कारभार पुढे पुण्याला गेला, चिरंजीव मुकुंदराव संपादक झाले. १ जानेवारी १९७५ रोजी शंकरराव गेले. संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष नेमकं त्याच दिवशी सुरू होत होतं. 'स्त्री'त काम करणाऱ्या विद्या बाळ १९८० च्या दशकात तिच्या संपादक झाल्या आणि तिथून बाहेर पडल्यावर १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं.