सृष्टीची नोंदवही ठेवणारे धर्मगुरू : फादर हर्मेनगिल्ड सांतापाव

परमेश्वराने मानवाला एदेन बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवले, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. हे राखणीचे व्रत आयुष्यभर पाळणाऱ्या येशूसंघीय धर्मगुरूंमध्ये फादर हर्मेनगिल्ड सांतापाव यांचे नाव आदराने घेतले जाते.

त्यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेनमधील ला गालेरा या गावी झाला. तरुण वयातच येशूसंघात प्रवेश करून १९२८ साली ते भारतात आले. लंडन येथे वनस्पतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेतल्यावर १९४० साली ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे स्विस धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७-१९३४) यांनी वाळविलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा पाया घातला होता. 'ब्लॅटर हर्बेरियम' या नावाने प्रसिद्ध असलेला हा वारसा फादर सांतापाव यांनी निष्ठेने वाढविला.

खंडाळ्याचा घाट त्यांना विशेष प्रिय होता. निरनिराळ्या ऋतूंत तेथे जाऊन ते रोपे गोळा करीत, ती दाबून वाळवीत आणि प्रत्येकासोबत स्थळ, तारीख व फुलण्याचा काळ लिहून ठेवीत. या परिश्रमातून १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६० च्या दशकात त्यांनी भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद भूषविले. १९६७ साली त्यांना पद्मश्री किताब मिळाला. १३ जानेवारी १९७० रोजी ते प्रभूच्या घरी गेले.

त्यांच्या नोंदींचे मोल काळाबरोबर वाढत गेले आहे. खंडाळ्याच्या घाटातून आता द्रुतगती महामार्ग जातो. त्याच ठिकाणी, त्याच ऋतूत पुन्हा पाहणी केली, तर कोणती वनस्पती दिसेनाशी झाली, कोणती नव्याने आली, कोणाचा बहर मागेपुढे झाला, हे जुन्या नोंदींशी ताडून पाहता येते. मात्र जुन्या यादीत एखादे नाव नाही, एवढ्यावरून ती वनस्पती तेथे नव्हतीच असे म्हणता येत नाही. म्हणूनच तारीख व स्थळ यांच्या अचूकतेला महत्त्व आहे. गाजरगवताचेच उदाहरण घ्या. पुण्यात आढळलेल्या या गवताची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. आज ते मराठवाड्यात बांधाबांधावर दिसते.

आपला देवणी परिसरही या अभ्यासाला पारखा नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी लातूर जिल्हा वेगळा झालेला नव्हता व देवणी उदगीर तालुक्यात होती. देवणी गोवंशाच्या या भूमीत पूर्वी गायरानात कोणते गवत उगवे, कोणत्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी असे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. ते गेल्यावर ही माहिती कोण सांगणार? आपल्या युवकांनी ती आजच तारीख-स्थळासह लिहून घ्यावी व स्वतःच्या पाहणीची जोड तिला द्यावी.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रातून सृष्टीची काळजी घेण्याचे आवाहन केले. राखण करायची, तर आपल्याकडे काय होते व काय उरले, हे आधी ठाऊक असावे लागते. फादर सांतापाव यांच्याप्रमाणे लहानसे कामही निष्ठेने करण्याची कृपा प्रभू आपणा सर्वांना देवो.