जालना छावणीतील डॉक्टर जर्डन

सेलूहून रेल्वेने निघाले की परतूर मागे पडते आणि जालना येते. बियाणे आणि लोखंडी सळ्या यांसाठी आपण हे गाव ओळखतो. निजामी अमदानीत तिथे इंग्रजी फौजेची छावणी होती आणि त्या छावणीत जर्डन नावाचे एक तरुण डॉक्टर राहून गेले, हे फारसे कुणाला ठाऊक नाही.

थॉमस कॅव्हरहिल जर्डन यांचा जन्म १८११ चा, इंग्लंडातील डरहॅम परगण्यातला. एडिंबरोला शिकून १८३६ साली ते मद्रासला उतरले. पुढच्याच वर्षी घोडदळाच्या पलटणीत नेमणूक झाली व तिच्याबरोबर ते जालन्यास आले. आजारी शिपायांना औषध देणे हा पेशा. वेड मात्र पाखरांचे. दख्खनभर हिंडून त्यांनी टिपणे केली. पुढे लॉर्ड कॅनिंगने त्यांना खास याच कामावर नेमले आणि १८६२ ते १८६४ या काळात भारतीय पक्ष्यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. १८६७ साली सस्तन प्राण्यांवरचा आला.

त्यांची कीर्ती आहे ती यासाठी. मला मात्र त्यांचे सरपटणाऱ्या जिवांवरील काम अधिक मोलाचे वाटते. पाखराकडे कोणीही कौतुकाने पाहील. सरड्याला आपल्याकडे पोरे दगड मारतात आणि मोठी माणसे त्याची धाव कुंपणापर्यंत म्हणून मोकळी होतात! १८७० साली जर्डन यांनी दख्खनच्या माळावरील एका सरड्याला सिताना डेक्कनेन्सिस असे नाव दिले. पावसाळ्याआधी याचा नर दगडावर चढतो आणि गळ्याखालची निळी, काळी, नारिंगी झालर पंख्यासारखी उघडतो. मुंग्या, वाळवी, किडे हे त्याचे अन्न. तो स्वतः शिकारी पक्ष्यांचे. साताऱ्याकडील चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी घटले आणि याच्याच एका भाऊबंदाची संख्या वाढली, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

जर्डन १८७२ साली लंडनजवळ वारले. सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा त्यांचा ग्रंथ निघालाच नाही. त्यांचा हा सरडाही पुढे पाँडिचेरीच्या जातीत जमा धरला गेला आणि शंभरावर वर्षे तसाच राहिला. अखेर २०१६ साली भारतीय संशोधकांनी त्याला वेगळा काढला. त्याच्या प्रजातीला त्यांनी शास्त्रीय नाव दिले तेही आपलेच: सरडा. जातीचे नाव डेक्कनेन्सिस हेच ठेवले असून त्यापुढे कंसात जर्डन, १८७० असे लिहितात.