काकासाहेबांची बाराखडी

आमच्या बऱ्हाणपुरात शनवाऱ्याकडे राहणारी एक मुलगी माझ्याकडे पेटी शिकावयास येते. मध्यप्रदेशात सरकारी नोकरीसाठी सीपीसीटी नावाची परीक्षा असते, तीत टंकनही येते. तिची तयारी सध्या चालू आहे. परवा तिने खटखट वाजणारा यांत्रिक कळफलक घेतला, आणि याने वेग वाढेल का, चुका कमी होतील का, असे मला विचारले. पेटीच्या मास्तराला हा प्रश्न का, असे कोणी म्हणेल. पण बोटे आणि पट्ट्या यांचाच तर दोन्हीकडे संसार! उत्तर शोधता शोधता मला काकासाहेब कालेलकर आठवले.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यास झाला. घराणे मूळचे सावंतवाडीकडचे. १९०७ साली ते फर्ग्युसनमधून बी. ए. झाले, बेळगावात शिक्षक झाले, पुढे बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात गेले. ते राष्ट्रीय विद्यालय बंद पडले तेव्हा या तरुणाने सरळ हिमालयाची वाट धरली आणि पायी भटकंती केली. १९१५ साली शांतिनिकेतनात गांधीजींची भेट झाली, आणि मग साबरमती. मराठी मायबोलीचा हा माणूस गुजरातीतला श्रेष्ठ गद्यकार ठरला. त्यांचे निबंध व प्रवासवर्णने आपल्या जुन्या घरांतून अनेकांनी वाचलेली असतील; परंतु त्यांच्या आयुष्यातला लिपीचा अध्याय फारसा कोणी उघडीत नाही.

१९३५ साली इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरले. तेथे नागरी लिपीच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली व तिची धुरा काकासाहेबांकडे आली. अडचण खरी होती. इंग्रजी टंकयंत्राला चव्वेचाळीस-सेहेचाळीस कळा. प्रत्येकीवर दोन चिन्हे धरली तरी नव्वदाच्या आसपास मजल. नागरीला स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे एवढा मोठा परिवार! त्यातून ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनाच्या मागून येते आणि कागदावर मात्र आधी बसते. टंकलेखकाला ती आधी ठोकावी लागे, म्हणजे मन एका क्रमाने चाले आणि बोटे दुसऱ्या. चुका तेथेच होत.

यावर काकासाहेबांनी अ-ची बाराखडी उचलून धरली. इ, ई, उ, ऊ, ए यांना स्वतंत्र आकृती न ठेवता अ-लाच मात्रा लावावयाच्या: अि, अी, अु, अू, अे. तेवढ्या कळा वाचल्या. महाराष्ट्रात सावरकरांचाही हाच आग्रह होता, आणि जुन्या ‘किर्लोस्कर’चे अंक ज्यांच्या माळ्यावर आहेत त्यांना ही अक्षरे पाहून लहानपण आठवेल. राजकारणात दोन टोकांना असलेली माणसे बाराखडीत एकत्र आली, ही गंमतच.

विरोधही कडक झाला. शाळेत मूल एक लिपी शिकणार आणि घरची पोथी दुसरीत, मग पोथी वाचणार कोण, ही शंका पोकळ नव्हती. आचार्य नरेंद्र देव यांच्या समितीने अ-ची बाराखडी मानली नाही. १९४८ साली संविधान सभेने टंकयंत्र व शीघ्रलेखनासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षही काकासाहेबच. १९५३ साली लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेण्याचे ठरविले. लोकांनी ती स्वीकारली नाही व निर्णय मागे घ्यावा लागला.

मला येथे पेटी दिसते. तिच्या पट्ट्यांवर बारा स्वर घट्ट बसविलेले. मींड नाही, श्रुती नाही. १९४० साली आकाशवाणीने तिला बाहेर काढले ते याच कारणाने, आणि तरीही साथीला तीच राहिली. पण पेटीसाठी कोणी गाणे बदला म्हटले नाही. काकासाहेब यंत्रासाठी अक्षरच बदलू पाहत होते, आणि येथे मी त्यांच्या बाजूचा नाही. मात्र त्यांच्या मनात यंत्राचे कौतुक नव्हते. कचेरीतील कारकुनाला स्वभाषेत इंग्रजीइतक्या वेगाने लिहिता यावे, एवढाच त्यांचा हट्ट होता, हे विसरून चालणार नाही. १९५२ ते १९६४ ते राज्यसभेत होते, १९६४ साली पद्मविभूषण मिळाले, आणि २१ ऑगस्ट १९८१ रोजी ते गेले.

त्यानंतर थोड्याच वर्षांत गाठ आपोआप सुटली. १९९१ साली प्रमाणित झालेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. वेलांटी उच्चाराच्या क्रमाने मागून दाबावी, संगणक ती आपल्या जागी नेऊन ठेवतो. लिपीचा कानाही हलला नाही.

राहिला मुलीचा प्रश्न. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र खटका व स्प्रिंग असते. कळ सुमारे चार मिलिमीटर खाली जाते आणि बहुधा निम्म्या वाटेवरच अक्षर उमटते. बोटाला नेमके कळते आणि थकवाही काहींना कमी वाटतो. पण वेग तेवढ्याने येत नाही. २०१८ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील व केंब्रिजच्या संशोधकांनी १,६८,००० लोकांचे टंकन तपासले, तेव्हा वेगवान माणसे पहिली कळ सुटण्याआधीच पुढची दाबतात आणि चुकाही कमी करतात असे आढळले. पेटीवर सूर तुटू न देण्यासाठी आम्ही हेच तर घोटवून घेतो!

परीक्षेला तिला केंद्रावरचाच कळफलक मिळणार. म्हणून जुन्या साध्या कळफलकावरही रोज अर्धा तास बस, आणि इन्स्क्रिप्टच घे, असे मी तिला सांगितले. नवा कळफलक परत करावयास ती तयार नाही; त्याचा आवाज तिला आवडतो म्हणे.