लुईस यांचे ठिपके

मुलाकडे फ्रीमॉन्टला येऊन तीन महिने झाले. नातू इथल्या दहावीत आहे. परवा जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करताना तो ऑक्सिजनच्या 'ओ'भोवती पेन्सिलीने ठिपके देत बसला होता. सांगली जिल्ह्यातल्या शाळेत मी २८ वर्षं विज्ञान शिकवलं. असले ठिपके फळ्यावर किती वेळा काढले, त्याची गणतीच नाही. याला लुईस स्ट्रक्चर म्हणतात, पण हा लुईस कोण, असं त्याने विचारलं आणि मी गप्प झाले. आम्ही 'इलेक्ट्रॉन ठिपका संरचना' म्हणायचो. माणसाचं नाव मी वर्गात कधी घेतलंच नाही. मग मुलाने ग्रंथालयातून पुस्तकं आणून दिली आणि या वयात मी पुन्हा अभ्यासाला बसले.

गिल्बर्ट न्यूटन लुईस यांचा जन्म १८७५ सालचा, मॅसॅच्युसेट्समधला. बालपण नेब्रास्कात गेलं आणि सुरुवातीचं शिक्षण घरीच, आईवडिलांकडे झालं. १८९९ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवून ते जर्मनीत शिकून आले आणि हार्वर्डमध्येच शिकवू लागले. १९०२ साली नवख्या विद्यार्थ्यांना आवर्त सारणी समजावताना त्यांनी कागदावर घन काढले आणि त्यांच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसवले. इलेक्ट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. म्हणजे ही कल्पना सुचली ती वर्गात, शिकवता शिकवता! शिक्षिका म्हणून मला याचं फार अप्रूप वाटलं.

ते कागद मात्र १४ वर्षं तसेच पडून राहिले. मधल्या काळात लुईस यांनी मनिलात वजनमापांच्या सरकारी कार्यालयात काम केलं, मग एमआयटीत शिकवलं आणि १९१२ मध्ये ते इथे, आमच्या घरापासून तासाभरावर असलेल्या बर्कलीला आले. १९१६ साली त्यांचा शोधनिबंध छापून आला. त्याचं सार असं, की दोन अणू इलेक्ट्रॉनची एक जोडी सामाईक वापरतात, आणि ही जोडी म्हणजेच बंध. पाणी घ्या. ऑक्सिजनचे बाहेरचे सहा इलेक्ट्रॉन, दोन हायड्रोजनचे एकेक, एकूण आठ ठिपके. दोन जोड्या बंधात जातात, दोन ऑक्सिजनपाशी उरतात. नायट्रोजनच्या रेणूत पाच आणि पाच, दहा ठिपके. तिथे मधोमध तीन जोड्या येतात, म्हणून तर हवेतला नायट्रोजन सहजासहजी कशाशी संयोग पावत नाही.

पुढे १९१९ पासून आयर्विंग लँगम्युअर यांनी ही कल्पना व्याख्यानांतून गावोगावी नेली आणि श्रेयाचा मोठा वाटा त्यांच्याकडे गेला. लुईस यांना ते लागलं. लँगम्युअर यांना १९३२ मध्ये नोबेल मिळालं, तेही दुसऱ्या कामासाठी. लुईस यांचं नाव ४१ वेळा सुचवलं गेलं, पण पारितोषिक एकदाही नाही. 'फोटॉन' हा शब्द रूढ केला तो त्यांनी, जवळजवळ शुद्ध जड पाणी पहिल्यांदा वेगळं केलं तेही त्यांनीच. बर्कलीत ते दर आठवड्याला चर्चेची बैठक घेत, आणि तिथे नवख्या विद्यार्थ्यालाही प्रश्न विचारायची मुभा असे. त्यांच्या विभागात डॉक्टरेट केलेल्या युरी, जिओक, सीबोर्ग आणि लिबी या चौघांना नोबेल मिळालं. २३ मार्च १९४६ रोजी, वयाच्या सत्तरीत, लुईस प्रयोगशाळेतच गेले.

हे वाचताना एका जागी मी थांबले. फार वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाने नायट्रिक ऑक्साइड काढून बघितला होता. पाच आणि सहा, अकरा ठिपके. एक एकटाच उरतोय, जोडी लागत नाही, काय करू, असं तो विचारत होता. मी त्याला सांगितलं, की हे अभ्यासक्रमात नाही, खाली बस. खरं म्हणजे उत्तर मलाच येत नव्हतं. आता कळलं, की असे विषम संख्येचे रेणू लुईस यांनी १९१६ च्या त्याच निबंधात स्वतःच नोंदवले होते. नियम सांगतानाच त्यांनी त्याला न जुमानणारे रेणूही पुढे ठेवले होते, आणि मी मात्र तो प्रश्न दाबून टाकला. पोराचं चित्र बरोबर होतं.

काल नातवाला मी तोच रेणू काढायला दिला. त्यानेही अकरा ठिपके मोजले, खोडले, पुन्हा मोजले. या वेळी मी खाली बस म्हटलं नाही. दोघांनी मिळून तो एकटा ठिपका नायट्रोजनजवळ ठेवला. माझा तो विद्यार्थी आता पुण्यात असतो. त्याचा नंबर आहे माझ्याकडे. तिकडे सकाळ झाली, की फोन करणार आहे.