पंडिता रमाबाई व कृपासदन

विद्वत्ता आणि पश्चात्ताप हीं एका ठिकाणीं क्वचितच नांदतात. ज्यास पुष्कळ कळतें त्यास आपणही क्षमेचे याचक आहों हें उमजणें कठीण जातें. पंडिता रमाबाईंचें चरित्र या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे.

त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजीं गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें व त्यापायीं लोकांचा रोष सोसला. पुढें आईनें तीच विद्या रमाबाईंस दिली. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडे, पुराणें सांगे, दानधर्म करी. पापक्षालन व पुण्यसंचय हाच सर्वांचा हेतु. पुढें मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत आईबाप व वडील बहीण अन्नान्नदशेनें वारलीं. रमाबाई व बंधु श्रीनिवास हीं पायीं भटकत 1878 सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं, आणि तेथें त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. बंधूचा मृत्यु, बिपिनबिहारी दास मेधावी यांजशीं विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि वैधव्य हें सर्व 1880 ते 1882 एवढ्या अल्प काळांत घडलें. विधवा झाली ती तिच्या पूर्वजन्मींच्या पातकामुळें, असें तेव्हांचें लोकमत होतें. आजवर पोथींत वाचलेलें तें मत आतां रमाबाईंस स्वतःस लागूं झालें.

1883 सालीं त्या विलायतेस गेल्या व वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रयास राहिल्या. या मंडळाचें फुलहॅम येथें वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं एक गृह होतें. तें पाहून त्या चकित झाल्या. पतित स्त्रीस दंड कोणता करावा हें त्यांनीं धर्मशास्त्रांत वाचलें होतें. तिला हातीं धरून पुन्हा उभी करावी हें त्यांस नवें होतें. असें कां करितां, म्हणून त्यांनीं विचारिलें, तेव्हां योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीचा वृत्तांत त्यांस दाखविण्यांत आला. त्याच वर्षीं 29 सप्टेंबर रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

सामान्य चरित्रलेखक येथें थांबतो. परंतु रमाबाईंनीं स्वतः पुढें मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे कीं, त्या वेळीं त्यांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. अमेरिकेचा प्रवास झाला, ग्रंथ प्रसिद्ध झाला, 1889 सालीं मुंबईस शारदासदन निघालें. सर्वत्र कीर्ति झाली, तरी मन अस्वस्थच. 1891 च्या सुमारास विल्यम हॅस्लम नामक धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें. उपदेश करीत असतां स्वतःच पालट पावलेला हा मनुष्य! तेव्हां त्यांस दिसलें कीं, आपण इतरांच्या दुःखाचा विचार पुष्कळ केला, स्वतःच्या पापाचा केला नाहीं. आणि आईबापांच्या तीर्थयात्रांप्रमाणें आपलीं सत्कृत्येंही कृपेची किंमत होऊं शकत नाहींत. आमच्या मतें त्यांच्या आयुष्यांतील खरें वळण हेंच होय.

1893 सालीं शारदासदनांत धर्मप्रसार होतो असा बोभाटा होऊन अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या वादाची दुसरी बाजू मांडणारे लोकही प्रामाणिक होते, हें विसरूं नये.

पुढें 1896-97 चा दुष्काळ पडला. आमचा दिघोरीचा मुलूख धानाचा व तलावांचा. पाऊस फसला म्हणजे काय होतें हें येथील वाचकांस सांगावयास नको. भंडारा जिल्हा तेव्हां ज्या मध्यप्रांतांत मोडत असे, त्या प्रांतांत रमाबाई स्वतः आल्या. लहानपणीं भोगलेली भूक त्यांच्यापुढें पुन्हा उभी राहिली. निराधार मुली दुष्टांच्या हातीं पडतात हें पाहून त्यांनीं शेंकडों जणींस पुणें जिल्ह्यांतील केडगांवीं नेलें. तेथें मुक्तिसदन वाढलें, आणि दुराचारास बळी पडलेल्या स्त्रियांसाठीं निराळें कृपासदन 1899 सालीं निघालें. कृपा म्हणजे पापाचे परिणाम पुसून टाकणें नव्हे. क्षमा एका क्षणांत मिळते. बिघडलेलें शरीर, जडलेल्या संवयी व गेलेला लौकिक यांस वर्षें लागतात. म्हणूनच केडगांवीं प्रार्थनेच्या जोडीस दळण, विणकाम, शेती व छापखाना हीं कामें होतीं.

1905 च्या जून महिन्यांत तेथील मुली पापाच्या जाणिवेनें रात्रीं मोठ्यानें रडूं लागल्या, आणि लवकरच सर्व आश्रम प्रार्थनेनें दणाणून गेला. पुष्कळांस हा गलबला रुचला नाहीं, आणि केवळ रडणें म्हणजे पश्चात्ताप नव्हे हें खरेंच. परंतु रमाबाईंनीं तो दडपला नाहीं. चौदा वर्षांपूर्वीं त्या स्वतः त्याच वाटेनें गेल्या होत्या.

अखेरचीं वर्षें पवित्र शास्त्राच्या भाषांतरांत गेलीं. त्यासाठीं त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या. 1921 च्या जुलैंत मनोरमाबाई वारल्या, तरी काम थांबलें नाहीं. तें पुरें होतांच 5 एप्रिल 1922 रोजीं रमाबाईंचा अंत झाला. भागवताचे हजारों श्लोक मुखोद्गत असलेल्या या पंडितेनें भाषांतरासाठीं संस्कृतप्रचुर मराठी मुद्दाम टाळली. केडगांवच्या अल्पशिक्षित बायकांस समजेल अशी साधी मराठी निवडली.